एक वाजून दहा मिनिटांचा फोन

फोन मी उचलला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पेपरचं ऑफिस का? अंबादास येमूल तिथंच असतो न्हवं?" बाईचा आवाज होता. मागे रस्त्यावरच्या रिक्षांचा गोंगाट.

"हो. आपण कोण?"

"मी अनसम्मा. शेजारीण त्यांची. दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानातनं बोलतेय. राजमणीला दम लागलाय लई. त्याला पाठवा लवकर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर आलेत, नळी लावलीय. ती सारखी दाराकडं बघतीय. पाठवा की ओ."

"लवकर म्हणजे किती लवकर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुमच्या घरात कोण आजारी पडत न्हाई का?" आणि तिने फोन ठेवला.

मी कागदाची चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: '१.१०. येमूल यांच्या पत्नीची प्रकृती गंभीर. त्वरित पाठवावे.' वेळ आधी, मजकूर नंतर. कार्यालयात आलेल्या प्रत्येक फोनची नोंद अशीच करायची, हे मला उपसंपादक म्हणून पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं.

तो ३१ ऑक्टोबर १९८४चा बुधवार होता. दिल्लीत पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेल्याची बातमी सकाळीच टेलिप्रिंटरवर आली होती. त्यानंतर ते यंत्र दर दहा मिनिटांनी घंटा वाजवत होतं आणि दर वेळी तेच थोडं वेगळ्या शब्दांत सांगत होतं: प्रकृती गंभीर, शस्त्रक्रिया सुरू. रेडिओवर त्याहून कमी कळत होतं. आमच्या दैनिकाचे मालक आणि संपादक हेब्बळेसाहेब साडेअकराला जुळणी खात्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जादा अंक काढायचा. एकच पान, एका बाजूला छापलेलं. आज पानावर दुसरं काही नको. कांद्याचा भावसुद्धा नको."

सोलापूर तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. दूरदर्शन संच गल्लीगणिक एखादाच. लोक आमच्या दारात जमायला लागले होते. खिडकीच्या गजांना धरून उभे होते आणि आत कुणी हललं तरी विचारत होते, "बाई हायत का ओ अजून?"

अंबादासअण्णा आमचे सर्वांत जुने जुळारी, छपाईचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि खिळे जुळवताना दोन्हींमध्ये स्वतःशीच पुटपुटणं. माझ्या अक्षराबद्दल त्यांना कायमची तक्रार होती. "मोहोळकरसाहेब, तुमच्या बातमीला जुळारी नको, वैद्य पाहिजे," असं म्हणत ते माझा कागद उजेडाकडे धरायचे. त्यांची बायको राजमणी विड्या वळायची. छातीचं दुखणं होतं. आठ दिवसांपासून ती दवाखान्यात होती आणि रोज एक वाजता अण्णा सायकलवर तिला डबा देऊन यायचे. जायला दहा मिनिटं, यायला दहा. मुलगी एकच, लग्न होऊन भिवंडीला.

त्या दिवशी साडेबारालाच ते माझ्या टेबलापाशी आले होते. "साहेब, डबा देऊन येतो. वीस मिनिटं."

मी म्हटलं, "अण्णा, आज नका जाऊ. मोठा मथळा तुमच्याशिवाय कोण लावणार?"

त्यांनी जुळणी खात्याकडे पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे. "अनसम्मा हाय तिथं," ते म्हणाले. "ती भाकरी घेऊन गेलीच असंल." डबा त्यांनी खिडकीत ठेवला आणि परत गेले.

मोठा मथळा त्यांच्याशिवाय लागत नव्हता, हे खरंच होतं. आमच्याकडचा सर्वांत मोठा टाइप लाकडी होता. हेब्बळेसाहेबांच्या वडिलांनी सर्कशीच्या जाहिराती छापायला घेतलेला. अक्षरं पंजाएवढी, पण तीस पावसाळे खाल्लेली. कुठलं फुगलेलं, कुठलं झिजलेलं. सरळ ओळीत लावली तर अर्धी उमटायची, अर्धी पांढरी राहायची. प्रत्येक अक्षराखाली कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्याची उंची जुळवावी लागे. 'ग'खाली दोन, 'प'खाली तीन, 'र' मात्र उलट कानशीने घासावा लागे. हा हिशोब कुठे लिहिलेला नव्हता. तो अण्णांच्या बोटांत होता. बाकीचे दोघे जुळारी खालचा मजकूर जुळवत होते. दिवाळीला गावी गेलेले आणखी दोघे परतले नव्हते.

मी चिठ्ठी हातात घेऊन जुळणी खात्याच्या दाराशी गेलो. अण्णा ओणवे होऊन काम करत होते. 'पंतप्रधानांवर गोळीबार' असा मथळा ठरला होता. पहिला शब्द बसला होता. 'गो' बसला होता. तोंडात खळीने भिजलेली कागदाची पट्टी धरलेली.

मी मनात वेळ मांडली. मथळा लागायला वीस मिनिटं. जुळवलेल्या पानाचा फर्मा चौकटीत आवळून मशीनवर जायला आणखी दहा. एक चाळीसला अण्णा मोकळे. 'गंभीर' हा शब्द मी सकाळपासून चौदा वेळा लिहिला होता. गंभीर म्हणजे अजून काही घडलेलं नाही. गंभीर बातमी थांबू शकते. आमच्या धंद्यात ती रोज थांबायची.

मी परत येऊन चिठ्ठी टेबलावर उपडी ठेवली आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला.

हे सारं मी स्वतः ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. हेब्बळेसाहेबांना फोनची कल्पनाही नव्हती.

एक पस्तीसला मथळ्याचा कच्चा ठसा निघाला. ओळ काळीभोर, कुठेही फट नाही. अण्णा तो दोन्ही हातांत धरून लांबून पाहत होते. मी पेपरवेट उचललं, चिठ्ठी घेतली आणि उठलो. तेवढ्यात टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली आणि थांबेनाच. हेब्बळेसाहेबांनी कागद फाडला, उभ्याउभ्या वाचला आणि भिंतीला टेकले.

"गेल्या," ते म्हणाले.

एका जुळाऱ्याने टोपी काढली. खिडकीतल्या माणसांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण आतला आवाज बंद झालेला कळला. बाहेरचाही बंद झाला.

"मथळा उतरवा," साहेब म्हणाले.

"साहेब, रेडिओ काही बोलत नाही अजून," मी म्हटलं.

"म्हणून तर. दुजोरा मिळाल्याशिवाय मी पंतप्रधानांना मारणार नाही. पुण्याला फोन लावतो. तोवर मथळा तयार पाहिजे. 'इंदिरा गांधी यांची हत्या'. अंबादास, किती वेळ?"

अण्णांनी लाकडी टाइपाच्या खणाकडे पाहिलं. "'ह' कधीच वापरला नाही, साहेब. तो बघावा लागंल. तासभर तरी द्या."

"दिला."

चिठ्ठी माझ्या मुठीत होती. मी अण्णांच्या शेजारी उभा होतो, इतका जवळ की त्यांच्या शर्टाला येणारा रॉकेलचा वास मला येत होता.

"साहेब, जरा सरका," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

मी सरकलो.

पुढच्या दीड तासातली मला सगळी मिनिटं माहीत आहेत. हेब्बळेसाहेबांचा पुण्याचा फोन लागला दोन वाजून वीस मिनिटांनी. ते 'हं' 'हं' करत राहिले, मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्यांनी फोन ठेवल्यावर अकरा-बारा मिनिटांतच तो पुन्हा वाजला. मी उचलला. या वेळी पुरुषाचा आवाज होता, वॉर्डातला कुणीतरी. "येमूलांना सांगा, पेशंट संपली. अडीचला. बॉडी न्यायला या." मी "बरं" म्हटलं. दुसरी चिठ्ठी लिहिली नाही.

जुळणी खात्यात अण्णा 'ह'खाली पट्ट्या लावत होते. एक लावायची, बोटाने चाचपायचं, काढायची, अर्धी कापून पुन्हा लावायची. "हा वाकडा जन्मलाय," ते म्हणाले आणि शेजारचा जुळारी हसला. अशा दिवशीही हसला. मी दारातून पाहत होतो. आता सांगून उपयोग काय, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार किती सोयीचा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी फर्मा मशीनवर गेला. पहिला कागद बाहेर आला. साहेबांनी तो उचलला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे गेले.

तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "दवाखान्यातून फोन होता. तब्येत बिघडलीय. लगेच जा."

"कधी आला?"

"आत्ताच."

ते घाबरले नाहीत. मान हलवली आणि मोरीकडे गेले. हात धुवायला लागले. आधी रॉकेलने, मग धुण्याच्या सोड्याने, मग साबणाने. नखांतली शाई काडीने काढली. मी पाठीमागे उभा होतो.

"अण्णा, राहू द्या. जा तुम्ही."

"तिला वास खपत न्हाई शाईचा," ते म्हणाले. "तोंडाजवळ हात नेला की तोंड फिरवती."

त्यांनी हात हुंगून पाहिले आणि पुन्हा साबण लावला. मग खिडकीतला डबा घेऊन सायकलवर बसले. दारातल्या गर्दीने त्यांना वाट दिली. तशी वाट आतून येणाऱ्या कुणालाही मिळत होती. लोकांच्या हातात तोवर अंक पडले होते आणि चार-चार जण एका कागदावर वाकून अण्णांनी जुळवलेली ती ओळ वाचत होते.

अंक सगळा खपला. दुसऱ्यांदा मशीन चालवावं लागलं. आठवड्यानंतर हेब्बळेसाहेबांनी तो मथळा चौकटीत घालून कार्यालयात लावला आणि माझा पगार न सांगता वाढवला.

तेराव्यानंतर अण्णा कामावर आले. डोकं भादरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, त्या दिवशी फोन एकच आला होता का?"

"एकच."

"किती वाजता?"

"तीनला. तुम्हाला सांगितलं त्याच्या आधी, पाच मिनिटं."

त्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग बरोबर," ते म्हणाले. "अडीचला गेली ती. माझ्या हातनं पाणी नव्हतं तिच्या नशिबात. अनसम्मानं घातलं."

मी म्हटलं, "वाईट झालं, अण्णा."

"हां," ते म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा मजकूर उचलून आत गेले. अक्षराबद्दल काही बोलले नाहीत. त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

पुढे ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले. अण्णा नोकरी सोडून गेले. मी राहिलो, चढत गेलो. दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या सुमाराला कुणी ना कुणी मला विचारायचं, तेव्हा तुम्ही कुठे होता? मी सांगायचो. टेलिप्रिंटरची घंटा, गजांना धरलेली माणसं, भिंतीला टेकलेले संपादक, लाकडी 'ह'. पत्रकारितेच्या मुलांना हे फार आवडायचं. कितीदा सांगितलं याची मोजदाद नाही. त्यात फोन कधीच आला नाही.

२००९ साली, पंचवीस वर्षं झाली म्हणून, आमच्या पुरवणीने 'त्या दिवशी मी' असं सदर काढलं. सामान्य माणसांच्या आठवणी, प्रत्येकी दीडशे शब्द. पुरवणीचं काम पाहणारी मुलगी मला म्हणाली, "सर, ज्यांनी तो मथळा लावला ते हयात आहेत ना? त्यांच्याकडे कुणाला पाठवू?"

"मीच जातो," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. दुसरं कुणी गेलेलं मला नको होतं, एवढं खरं.

अण्णा विडी कामगारांच्या वसाहतीत राहत होते, मुलीकडे. ती भिवंडीहून परत आली होती. दुपारी ती कारखान्यात विड्या द्यायला गेलेली. अण्णा दारात खाटेवर बसले होते. दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"मोहोळकरसाहेब. या. तुमचा पेपर आता वाचता येत न्हाई. नात वाचून दाखवती. ती म्हणते, आजोबा, यात वाचण्यासारखं काय न्हाई."

"नात हुशार आहे."

"माझ्यावर गेलीय," ते म्हणाले.

मी सदराबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "दीडशे शब्द म्हणजे किती? जुळणीची एक स्टिक भरंल?"

"त्याहून थोडं जास्त."

"बसंल तेवढ्यात. घ्या लिहून. मी सांगतो तसं घ्या, तुमचं घालू नका."

मी वही उघडली.

"माझं नाव अंबादास लिंगय्या येमूल," त्यांनी सुरुवात केली. सावकाश, शब्दा-शब्दाला थांबत, मला लिहायला वेळ देत. "त्या दिवशी मी प्रेसमध्ये होतो. मोठा लाकडी मथळा मी लावत होतो. माझी पत्नी राजमणी दवाखान्यात होती." ते थांबले. "झालं?"

"झालं."

"एक वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून फोन आला."

माझं पेन थांबलं.

"लिहा की, साहेब."

"अण्णा."

"त्याच संध्याकाळी कळलं मला. अनसम्मानं सांगितलं. दुकानदार सव्वाला जेवायला जायचा, त्यानं घड्याळ दाखवून घाई केली होती तिला. म्हणून वेळ पक्की. शिव्या घालत होती ती. कुणीतरी येडं फोनवर होतं म्हणली, विचारतंय किती लवकर." ते किंचित हसले. "आवाज सांगितला तिनं. मला कळलं कोण ते."

वसाहतीत कुठेतरी रेडिओ चालू होता.

"मग तेराव्यानंतर तुम्ही मला विचारलंत..."

"विचारलं की. तुम्ही तीन म्हणालात." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मला वाटलं, आज न्हाई तर उद्या सांगतील. तरणा माणूस हाय, भ्यालाय. मग वर्ष झालं, दोन झाली. मग तुम्ही संपादक झालात."

मी काहीतरी बोलायला गेलो. काय ते आठवत नाही. त्यांनी हात वर केला.

"माफी-बिफी नको. राग होता, लई होता. एक-दोन वर्षं तुमचा मजकूर जुळवताना खिळे खणात आपटायचो. आता राग न्हाई. दुसरंच हाय."

"काय?"

"मी रोज ते बघतो. फोन येतो. तुम्ही आत येऊन मला सांगता, अण्णा, बायको सिरियस हाय, जा. माझ्या हातात अक्षर हाय. दारात सगळं गाव उभं. साहेब डोक्यावर. आन् मी काय करतो, ते मला दिसत न्हाई. कधी मी टाकून पळतो. कधी म्हणतो, एवढी ओळ लावतो आन् जातो." त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, रस्त्याकडे होता. "डबा द्यायला तरी कुठं गेलो मी? तुम्ही म्हणालात नका जाऊ, आन् थांबलो. असा मथळा आयुष्यात पुन्हा लावायला मिळणार नव्हता, साहेब. मला लावायचा होता तो."

"तुम्ही गेला असता, अण्णा."

"तुम्हाला काय माहीत?" आवाज चढला नाही. "मलाच माहीत न्हाई. पोरीला सांगतो, गेलो असतो. राजमणीला कसं सांगू? तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी कसला माणूस हाय एवढं तरी कळलं असतं. बरा का वाईट. ते राहूनच गेलं."

मी मान खाली घालून बसलो. त्यांना ते दिसत नव्हतं, याचा मला आधार वाटला, आणि तो वाटल्याची लाजही वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत आलो?"

"फोन."

"हां. घ्या. फोन आला हे मला सांगण्यात आलं नाही. मी दोन मथळे लावले. दुसरा छापला गेला. अडीच वाजता माझी पत्नी वारली. तीन वाजून पाच मिनिटांनी मी निघालो." पुन्हा ते थांबले. "संपलं. वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. माझा आवाज बातमी वाचल्यासारखा निघत होता. त्याचं मी काही करू शकलो नाही. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं, कच्चा ठसा तपासताना करायचे तसं.

"एक राहिलं," ते म्हणाले. "फोन कुणी घेतला ते आलं न्हाई."

मी त्या ओळीवर खूण केली आणि समासात माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

"आता पुन्हा वाचा," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासून."